बाळाबाईचा ठोकळा

म्हस्कूच्या पिकअपला दोन ब्रेक होते. एक त्याच्या पायाखाली, आणि तो धड लागत नसे. दुसरा मागच्या फाळक्यावर उभा असे, आणि त्याचं नाव बाळाबाई. हा विनोद माझा नाही, म्हस्कूचाच. गाडीत नवं माणूस बसलं की तो हमखास हे ऐकवायचा आणि आरशात बघून स्वतःच हसायचा. बाळाबाई त्याची लग्नाची बायको. ती मागे एका हाताने लोखंडी दांडा धरून उभी असायची, आणि दुसऱ्या हातात बाभळीचा ठोकळा.

आमची वाडी डिंभ्याच्या धरणापुढे, आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सगळी वाडी चढावर वसलेली. सपाट म्हणावी अशी जागा एकच, शाळेचं पटांगण, तेही मुरूम टाकून केलेलं. एसटी यायची, पण तिच्या मनात असलं तर. त्यामुळे मंचरला बटाटा न्यायचा, आजारी माणूस न्यायचं, माझ्या किराणा दुकानाचा माल आणायचा, सगळा भार म्हस्कूच्या पिकअपवर. माझं नाव अंजना. नवरा गेल्यापासून दुकान मीच चालवते. दर आठवड्याला मंचरची फेरी असायची आणि दुकानदारीण म्हणून मला पुढे केबिनमध्ये जागा मिळायची. त्यामुळे या दोघांचा संसार मी जवळून पाहिला, कधी समोरासमोर, कधी आरशातून.

म्हस्कूचं घराणं मेंढरांचं. बापाबरोबर तो लहानपणापासून रानोमाळ हिंडलेला. बाप गेल्यावर त्याने मेंढरं विकली आणि शहाण्णव साली नारायणगावच्या एका भाजीवाल्याकडून ही जुनी पिकअप घेतली. गाडी घरी आली तेव्हाच दमलेली होती. रंग उडालेला, एक दार तारेने बांधलेलं. पण म्हस्कूने तिचे काय लाड केले म्हणून सांगू! काचेवर गोंडे लावले, आत टेप बसवला, मागे पिवळ्या अक्षरांत 'येळकोट' लिहून घेतलं. हॉर्न तर असा आणला की त्याने खालच्या वळणावर वाजवला की आमच्या कोंबड्या खुराड्यात शिरायच्या. ब्रेककडे बघायला मात्र त्याला सवड झाली नाही.

आधी हँडब्रेकची तार गंजून तुटली. चढावर गाडी थांबवली की ती मागे सरकायला लागायची. म्हस्कू ओरडला, "बाळे, उतर आन दगूड घाल!" तिने दगड घातला. दोन-चारदा दगड निसटला, मग तिनेच सुताराकडून बाभळीचा ठोकळा करून घेतला. एका बाजूने उतरता, चाकाखाली पाचरीसारखा बसणारा. उचलायला त्याला दोरी हवी, म्हणून तिने माहेरच्या जुन्या वाघरीची दोरी काढून बांधली. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या आईने वळलेली दोरी ती. बाळाबाई म्हणायची, "माज्या आयची दोरी हाय, तुटायची न्हाई." आणि ती खरंच कधी तुटली नाही.

मग पायातला ब्रेक गेला. मागच्या डाव्या चाकातून ब्रेकचं तेल गळायला लागलं. म्हस्कू गाडी घेऊन सोपानकडे गेला. सोपान मेकॅनिकचं गॅरेज मंचरला घोडेगाव फाट्याजवळ. सोपान म्हणजे केस सदा काळेभोर रंगवलेले, आवाज मोठा आणि शिव्या त्याहून मोठ्या. त्या दिवशी त्याच्याकडे सामान नव्हतं आणि म्हस्कूला थांबायला वेळ नव्हता. म्हणून सोपानने त्या चाकाकडे जाणारी तेलाची नळी बूच मारून बंद केली. गॅरेजवाले त्याला डमी म्हणतात. गळती थांबते, पण त्या चाकाला ब्रेक उरत नाही.

"तीन चाकांवर घरी जा," सोपान म्हणाला. "आन आठ दिवसांत परत ये. ही डमी कायमची नस्ती राव. न्हाई आलास तर मरशील, आन वर माझं नाव खराब करशील."

म्हस्कू गेला नाही. गाडी चालत होती, मग कशाला जायचं? डमीवर त्याने वर्षं काढली. उरलेल्या चाकांचे ब्रेकही झिजत गेले. पहिल्यांदा दाबला की पाय थेट तळाला जायचा. उचलायचा, परत दाबायचा, परत उचलायचा, परत दाबायचा, तेव्हा कुठे गाडी मंदावायची. म्हस्कूचा पाय शिलाई मशीनवर बसलेल्या शिंप्यासारखा चालायचा. तेवढ्यात तो आरोळी द्यायचा, "बाळे, घाल!" की बाळाबाई चालत्या गाडीतून उडी टाकायची, गाडीच्या बाजूने चार पावलं पळायची आणि फिरत्या चाकापुढे ठोकळा सारायची. चाक ठोकळ्याला अडायचं, गाडी कुरकुरत थांबायची. मग लोक उतरायचे, पोती उतरायची, आणि गाडी हलली की बाळाबाई ठोकळा ओढून पळत पळत परत फाळक्यावर चढायची. अंगात ताप असला तरी हेच, पावसात चिखल असला तरी हेच.

आणि खोटं कशाला बोलू, तिला त्याचा अभिमानही होता. बाकीचे ड्रायव्हर तिला नावाजायचे. एकदाही तिचा ठोकळा चुकला नव्हता. खंडेनवमीला म्हस्कू गाडी धुवायचा, स्टेअरिंगला हार घालायचा आणि ठोकळ्यावर भंडारा उधळून त्याच्या पाया पडायचा. शेजारी बाळाबाई गुडघ्याला एरंडाचा पाला बांधून बसलेली. मला तेव्हा तोच ठोकळा उचलून म्हस्कूच्या टाळक्यात घालावासा वाटायचा.

त्यांना एकच मुलगी, दिशा. ती सातवी पास झाली त्या वर्षी बाळाबाईचे गुडघे पार गेले. उडी टाकली की तिच्या तोंडून आवाज निघायचा. पळताना पाय ओढायची. आमच्या वाडीत शाळा सातवीपर्यंत. आठवीला घोडेगावला जायचं, तिथे मुलींचं वसतिगृह. दिशाचं नाव घालायचं म्हणून बाळाबाईने माझ्याकडून पत्र्याची पेटीही नेली होती. तर एका सकाळी म्हस्कू दुकानात विडीबंडल घ्यायला आला आणि सहज बोलल्यासारखं बोलला, "आता पोरगी बसंल मागं. हिचं गुडघं गेलं. पोर हलकी हाय, उडी चांगली मारंल."

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो विडी पेटवून निघून गेला.

बाळाबाई त्याच्याशी भांडली नाही. भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं, तो माझा प्रांत. पुढच्या फेरीला ती नेहमीसारखी मागे चढली. मंचरला बटाट्याची पोती उतरली, माझा माल भरून झाला, म्हस्कूने हॉर्न वाजवला. बाळाबाई नाही. शोधाशोध केली तर ती सोपानच्या गॅरेजात, टायरच्या ढिगावर ठोकळा मांडीवर घेऊन बसलेली.

"ब्रेक झाल्याबिगर मी चढायची न्हाई," ती म्हणाली.

"येडी का काय तू? चल!"

"न्हाई. तुमी जावा. दगूड घालायला कुनी मिळंल वाटंत."

म्हस्कू लाल झाला. भर रस्त्यात तो तिला काय काय बोलला. पण तिच्याशिवाय आमच्या चढावर गाडी नेणं त्याला शक्य नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. मग तो माझ्याकडे वळला, "अंजनाबाई, तुमी तरी सांगा हिला." मी म्हटलं, "मी सांगते. बाळे, उठू नकोस." आणि मीही तिच्या शेजारी जाऊन बसले. माझं गुळाचं पोतं उन्हात पाझरत होतं, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

सोपान ऐन रंगात आला. "म्हस्कू, तू आठ दिवसांनी येनार व्हता. मी किती म्हातारा झालो बघ वाट बघून," असं म्हणत त्याने चाकं उघडली आणि मग त्याची चेष्टा बंद झाली. ब्रेकच्या पट्ट्या झिजून आतले रिबेट ड्रमला घासत होते. चाकातली रबरं कुजून हातात आली. त्याची ती जुनी डमी अजून जागच्या जागी होती, गंजून नळीशी एकजीव झालेली. सोपानने ती कापून काढली आणि कोपऱ्यात फेकली. "वहिनी," तो म्हणाला, "तुमी एवढी वर्सं या गाडीवर उभ्या व्हता?" बाळाबाई नुसती हसली.

म्हस्कू रागारागाने कुठेतरी निघून गेला होता. दुपारपर्यंत नव्या पट्ट्या, नवी रबरं, हँडब्रेकची नवी तार, सगळं बसलं. शेवटी नळ्यांमधली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, दुसऱ्याने खाली चाकाशी बसून हवा बाहेर काढायची. सोपानने बाळाबाईला सीटवर बसवलं. इतकी वर्षं त्या गाडीवर काढली, पण ती त्या सीटवर पहिल्यांदा बसत होती. लुगडं सावरून, दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर.

"दाबा," सोपान खालून म्हणायचा. "सोडा. दाबा. आता धरून ठेवा."

आधी पाय तळाला जात होता. मग हळूहळू तो वरच अडायला लागला. एका क्षणी बाळाबाई थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अंजना, लागला गं. पायाला कळतंय." तिचं तोंड पोरीसारखं झालं होतं. तो तिचा उजवा पाय होता, हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

म्हस्कू परत आला तेव्हा सोपानने त्याला समोर उभं करून सांगितलं, "आता पंप मारायचा न्हाई, ध्यानात ठेव. एकदाच दाबायचा आन दाबून ठेवायचा. पाय उचलायचा न्हाई. पूर्वीसारका ब्रेक न्हाई हा, जागच्या जागी लागनार."

"मी काय आज गाडी चालवायला लागलो का?" म्हस्कू म्हणाला.

निघताना मी बाळाबाईला पुढे बस म्हटलं. केबिनमध्ये माझा माल होता, पण सरकवून जागा झाली असती. ती म्हणाली, "मागं वाऱ्याला बरं वाटतं. आन आजच्या दिस असू दे. सवय हाय." ठोकळाही तिने बरोबर घेतला.

ऊन उतरलं होतं. डिंभ्याच्या पुढे एक लांब उतार आहे, त्याच्या तोंडाशी एक म्हातारा उतरणार होता. म्हस्कूने टेप बारीक केला. आणि मग सवयीने, निव्वळ सवयीने, त्याच्या तोंडून आरोळी गेली, "बाळे, घाल!"

ती सवयीने उडाली. त्याने सवयीने पाय दाबला, जोरात, जुन्या ब्रेकवर दाबायचा तसा.

गाडी जागच्या जागी खिळली. माझं कपाळ काचेवर आपटलं. मागची माणसं एकमेकांवर कोसळली. बाळाबाईच्या पायांना ठाऊक होतं की गाडी आणखी चार पावलं सरकते. ती सरकली नाही. उडीच्या वेगाने ती पुढे फेकली गेली आणि मागच्या डाव्या चाकाच्या पुढ्यात पडली. तिथेच सगळं थांबलं असतं. ती उठली असती, कोपर खरचटलं म्हणून मी तिला हळद लावली असती. पण दाबला की उचलायचा, हे म्हस्कूच्या पायाला जन्माचं शिकवलेलं. मी शेजारी बसले होते. मी माझ्या डोळ्यांनी त्याचा पाय उचललेला पाहिला. गाडी उतारावर सुटली, आणि चाक बाळाबाईच्या पायावरून गेलं.

पुढचं लिहायला नको वाटतं. मंचरहून तिला पुण्याला नेलं. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

म्हस्कू त्या दिवसांत वेड्यासारखा झाला होता. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहायचा, जेवायचा नाही. मला त्याची दया यायची. पण माणसाला स्वतःचा अपराध सोसवत नाही तेव्हा तो दुसरा कोणीतरी शोधतो. वाडीत परत आला तेव्हा त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं. "सोपानच्या ब्रेकानं घात केला. जुन्या ब्रेकानं कधी माणूस पाडला न्हाई." लोकांनाही ते पटलं. नवा ब्रेक घातकी असतो, असं पारावर ठरलं. मी ओरडून ओरडून सांगितलं की ब्रेक लागला म्हणून नाही, पाय उचलला म्हणून गाडी गेली. तर म्हणे बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं. म्हस्कूने माझ्या दुकानाची पायरी चढणं सोडलं. सोपानची गिऱ्हाइकं तुटली. तो मला म्हणाला, "आता त्यानं सोन्याची गाडी आनली तरी हात लावनार न्हाई." 

आणि एक दिवस म्हस्कू स्वतः पाना घेऊन गाडीखाली शिरला. मागच्या चाकांचे ब्रेक त्याने ढिले करून टाकले आणि हँडब्रेकची नवी तार काढून ठेवली. पुन्हा पाय तळाला जायला लागला. पुन्हा पंप. तो म्हणाला, "आता कशी वळखीची वाटती गाडी."

बाळाबाई घरी आली. कुबड्या मिळाल्या होत्या, पण खडबडीत अंगणात त्यांचा उपयोग नव्हता. ती हाताने सरकायची. ओट्यावर बसून धान्य निवडायची. पायाबद्दल ती एकदाही बोलली नाही. दवाखान्यातही रडली नव्हती. एकच विचारायची, "दिशाची शाळा कदी उघडती?" ते वर्ष घरात आजारपण म्हणून वाया गेलं होतं. पण पुढच्या जूनमध्ये पोरीला घोडेगावला धाडायचं, हे तिने मनात धरलं होतं.

जून आला. ती सकाळ मी विसरणार नाही. माझं दुकान त्यांच्या घराच्या समोरच. पिकअप त्यांच्या दारात उताराला तोंड करून उभी होती, मागच्या चाकापुढे ठोकळा. बटाट्याची पोती भरून झाली होती. म्हस्कू दिशाला म्हणाला, "चल, बस मागं. आजच्या दिस." आणि दिशा मुकाट्याने फाळक्याकडे गेली.

"दिशे!" ओट्यावरून बाळाबाईची हाक आली.

"जाते मी आये," पोरगी म्हणाली. "आप्पांना दुसरं कोन हाय?"

बाळाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. ओट्यावरून ती खाली सरकली. मला वाटलं पोरीला जवळ घ्यायला येतेय. ती अंगण ओलांडून, तळहातांवर शरीर ओढत, गाडीच्या पुढच्या चाकापाशी गेली आणि चाकाला पाठ लावून बसली. मग उरलेला पाय तिने हाताने उचलून टायरच्या पुढ्यात नीट ठेवला.

"ह्यो एक ऱ्हायलाय," ती म्हणाली. "घाला गाडी."

म्हस्कू पाय आपटत आला, ओरडला, दंडाला धरून ओढायला लागला. ती जमिनीला चिकटल्यासारखी बसली. "सोपानभाऊला बोलवा. ब्रेक त्येंनी केला व्हता तसा करा. तवर मी हितनं उठनार न्हाई. मेले तर हितंच." लोक जमले. कोणी म्हस्कूला बोलेना, कोणी तिला उठवेना. मी दुकानातल्या पीसीओच्या पिवळ्या फोनवरून सोपानला फोन लावला. तो आधी मला शिव्या देऊन मोकळा झाला. मग विचारलं, "उन्हात बसल्यात का?" मी हो म्हटलं. त्याने फोन ठेवून दिला.

तो मोटारसायकलवर आला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. बाळाबाईने पाणीही घेतलं नव्हतं. मी तिच्यावर छत्री धरून उभी होते. सोपान म्हस्कूकडे न बघताच तिच्यापुढे उकिडवा बसला. "वहिनी, सरका. मला काम करू द्या."

"काम मागं हाय. मी म्होरं हाय. करा."

त्याने चारी चाकांना दगड लावले आणि गाडीखाली शिरला. आतून त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या, पण त्या दिवशी त्यांना जोर नव्हता. ढिलं केलेलं त्याने आवळलं, तार पुन्हा जोडली. बाहेर आला, हात पुसले. "झालं. आता उठा, बघून घेऊ."

"लागला म्हनता ना? मग मी कशाला उठू?"

सोपानचा चेहरा उतरला. पण ती उठणार नाही हे त्याला कळलं. त्याने म्हस्कूला पहिल्यांदाच हाक मारली. "बस आत. गेर काढ. ब्रेक दाबून ठेव. मी दगूड काढतो."

म्हस्कू सीटवर बसला. दार उघडंच होतं, आम्हाला त्याचा पाय दिसत होता. त्याने तो ब्रेकवर दाबला आणि पाय आपोआप उचलला गेला. त्याने हाताने गुडघा दाबून धरला. तरी पाय वर यायचाच. मग तो धडपडत खाली उतरला आणि भिंतीला टेकला.

"माज्यानं न्हाई हुनार," तो म्हणाला. "माजा पाय उचलतो. तवाबी उचलला व्हता. ब्रेकानं न्हाई, म्या केलं ते."

 बाळाबाईने त्याच्याकडे बघितलं. तिला ते पहिल्यापासून ठाऊक असणार, असं मला तिच्या डोळ्यांवरून वाटलं.

दिशा फाळक्यावरून उतरली आणि केबिनमध्ये चढली. "सोपानकाका, काय करू?"

"त्यो दांडा दिसतो ना दोन सीटांमधी? वर खेच. पार वर." तिने हँडब्रेक दोन्ही हातांनी खेचला. तो कर्रकर्र करत वर आला. सोपानने गाडी गेरमधून काढली. मग एकेक दगड काढला. शेवटी ठोकळा उरला. त्याने बाळाबाईच्या आईची दोरी धरली, एकदा बाळाबाईकडे बघितलं, आणि ठोकळा ओढला.

गाडी हलली नाही. भरलेली गाडी, उतारावर, बाळाबाईच्या पाठीशी टायर, आणि ती तशीच उभी राहिली. सोपानने ठोकळा बाळाबाईच्या मांडीवर आणून ठेवला.

"एवढंच काम व्हतं?" तिने विचारलं.

"एवढंच," सोपान म्हणाला.

तेव्हा बाळाबाई रडली. ठोकळा उराशी धरून, तोंड उघडं टाकून, माणसं बघतायत याचं भान न ठेवता रडली. मी छत्री टाकून तिच्यापाशी बसले. माझ्याच्यानेही आवरलं नाही.

बाळाबाई पुन्हा त्या गाडीत बसली नाही. आठवड्याने शाळा उघडली आणि दिशाची पेटी गाडीत गेली. म्हस्कूने पोरीला पुढे बसवलं, माझ्या आणि त्याच्या मधे. येतानाचा तो उतार आता चढ होता, तो संपला आणि ती जागा आली. म्हस्कूने ब्रेक दाबला आणि दाबून ठेवला, त्याच्या कपाळावर घाम आला होता. गाडी थांबली. त्याच्या तोंडून आरोळी निघाली नाही. मी दिशाकडे बघितलं तर तिने हँडब्रेक मुठीत धरलेला. घोडेगाव येईपर्यंत तिने तो सोडला नाही, आणि म्हस्कूनेही तिला सोड म्हटलं नाही.